ग्वेंडाचे बारा गुण

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मुरालू गावात ग्वेंडा पेंगिलीला घाईत असलेली कोणी कधी पाहिली नव्हती. तीस वर्षं तिने शाळेच्या कँटीनमध्ये पोरांना खिमा भरलेल्या, करंजीसारख्या पेस्ट्या वाढल्या, आणि प्रत्येकाला "फुंकून खा रे, तोंड पोळेल" असं सांगायला तिच्याकडे वेळ असायचा. नवरा लाइल मेंढ्यांची लोकर कातरायचा. तो जितका चपळ, तितकी ही संथ. "घराला आग लागली तरी आमची बाई आधी चहाची किटली ठेवेल," असं तो पबमध्ये सांगायचा, आणि ती शेजारी बसून खुदुखुदु हसायची.

अशा बाईच्या लायसनवर दीड वर्षात दंडाचे बारा गुण चढले.

झालं असं की लाइलच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा त्याचं रक्त मशीनवर धुवायचं, आणि मशीन पोर्ट लिंकनच्या हॉस्पिटलात. मुरालूहून जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, मधे चार-पाच तास तो मशीनला जोडलेला. लाइलची नजर साखरेच्या दुखण्याने आधीच अधू झाली होती, त्यामुळे स्टिअरिंगवर ग्वेंडाच. मुलगी तस्मानियात, तिच्या पदरात जुळी. लिंकनला भाड्याने घर घ्यावं म्हटलं तर घरं कुठे होती? आणि बस म्हणाल तर मुरालूवरून ती कधी गेलीच नाही.

आमच्याकडे रस्त्यावरच्या चुकीला नुसता पैशांचा दंड होत नाही. चुकीच्या वजनाप्रमाणे लायसनवर गुण चढतात. शाळेत गुण वाढले की शाबासकी, इथे वाढले की सत्यानाश. चढलेला गुण तीन वर्षं उतरत नाही, आणि तीन वर्षांत बारा भरले की लायसन गेलं.

ग्वेंडाचे पहिले तीन गुण फोनचे. गावातच गाडी चालवत असताना हॉस्पिटलातून फोन आला, लाइलच्या रक्तात काहीतरी वाढलंय म्हणून, आणि तिने तो कानाला लावला. पुढचे तीन, रस्ता दुरुस्तीच्या पाटीवर वेग कमी केला नाही म्हणून. नंतरचे तीन गव्हाच्या कोठारांजवळच्या तिठ्यावर. तिथे थांबायची पाटी आहे. मैलभर चिटपाखरू नव्हतं, तिने गाडी नुसती हळू केली, आणि निलगिरीच्या झाडाआड पोलीस उभा. शेवटचे तीन पुन्हा वेगाचे. मागे लाइल थंडीने कुडकुडत होता आणि तिला घर गाठायचं होतं.

"आज काय गुण उधळलेस?" ती पत्र उघडायला लागली की लाइल विचारायचा. पहिल्या दोन वेळा दोघंही हसली. चौथ्या वेळी त्याने विचारलं नाही.

बारा भरल्यावर सरकारने तिच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. एक तर तीन महिने गाडी बंद. नाहीतर एक वर्ष सद्वर्तनाचं. गाडी चालवायची, पण वर्षभरात एकच गुण माफ. दोन झाले की तीन महिन्यांचे सहा होणार, आणि मग रडून-भेकून उपयोग नाही. तीन महिने लाइलला कोण नेणार होतं? गावात म्हाताऱ्यांसाठी एक गाडी होती, पण ती महिन्याभराची आधीच बोललेली असायची. ग्वेंडाने वर्ष पत्करलं.

त्या निवडीपायी तिला आणखी एक गोष्ट सोडावी लागली. आमच्या बाजूला गावची अँब्युलन्स गावकरीच चालवतात, बिनपगारी, पाळी लावून. सोमवारची पाळी गेली बावीस वर्षं ग्वेंडाची. पण सद्वर्तनावर असलेल्या माणसाला अँब्युलन्सची किल्ली देता येत नाही, असा नियम. तिने गणवेश धुऊन, इस्त्री करून परत दिला. सोमवारसाठी दुसरं कोणी मिळालं नाही. तरणी माणसं खाणीवर गेलेली, उरलेली म्हातारी.

दहा महिने ती काचेवरून चालावं तशी चालली. एक डोळा रस्त्यावर, एक काट्यावर. मागे धान्याचे अजस्र ट्रक येऊन भोंगे वाजवत. ती हलायची नाही. दिवेलागणीला कांगारू आडवा आला तर ब्रेक मारायचा का आरशात बघायचं, हेही तिने ठरवून ठेवलं होतं. रोज परतल्यावर तिची बोटं चाकाच्या आकारात वाकलेली राहायची. लाइल आपल्या दुखऱ्या हाताने ती एकेक करून सरळ करायचा.

मग गावच्या टीमने फुटबॉलची फायनल जिंकली. रविवारी क्लबवर शेगडी पेटली, सॉसेज भाजली गेली, आणि सगळा गाव लाइलच्या पाठीवर थाप मारून गेला. त्याला दिवसाला मोजून दोन पेले पाणी आणि मीठ जवळजवळ वर्ज्य. ग्वेंडा भांडी घासायला आत गेली तेवढ्यात त्याने चार सॉसेज आणि किती बिअर रिचवल्या ते देवाला ठाऊक. रविवार-सोमवार मशीन नसतं. आत गेलेलं पाणी आतच राहतं.

सोमवारी सकाळी तो खुर्चीत बसून घरघरत होता. घोटे टरारून सुजलेले, ओठ जांभळे.

"लाइल, किती प्यायलास?"

"जिंकलो ना आपण," एवढंच तो म्हणाला, तेही तीन श्वासांत.

तिने फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, तुमच्या गावची अँब्युलन्स आज माणसाविना उभी आहे, शेजारच्या गावची निघतेय, पाऊण तास तरी लागेल, त्यांना बसतं ठेवा. ग्वेंडाने बावीस वर्षं अशी फुप्फुसं ऐकली होती. पाऊण तास म्हणजे काय ते तिला कळत होतं. मग तिथून लिंकन आणखी सव्वा तास. तिने सांगितलं, "मी निघते. त्यांना वाटेत भेटायला सांगा." पण वाटेत फोनला सिग्नल नाही, शेजारची अँब्युलन्स दुसऱ्या फाट्याने आली, आणि चुकामूक झाली.

गाडीत लाइल पुढे वाकून डॅशबोर्डवर डोकं टेकून बसला होता. आडवं झालं की गुदमरायचा. लिंकन जवळ आलं तेव्हा घरघर थांबली. घरघर थांबणं वाईट, हे तिला माहीत होतं. तिने पाय दाबला. शहरात शिरायच्या उतारावर वेग टिपणारा कॅमेरा आहे हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. तिलाही होतं. पांढरा झोत पडला तो तिने पाहिला, आणि पाय तसाच ठेवला.

हॉस्पिटलवाल्यांनी लाइलला वाचवलं. डॉक्टर म्हणाली, आणखी थोडा उशीर झाला असता तर आम्ही फक्त वेळ लिहून घेतली असती.

दोन आठवड्यांनी पत्र आलं. वेगाचे तीन गुण. एक माफ होता. दोनलाच सगळं संपत होतं. हे तर तीन.

ग्वेंडा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. चहाची किटली शिट्टी मारत राहिली, तिने ती उचलली नाही. लाइलनेच धडपडत येऊन गॅस बंद केला.

सहा महिने. तिने हॉस्पिटलात विचारलं, घरी मशीन बसवता येईल का. तर त्याच्या शिरा आणि त्याचं काळीज दोन्ही त्या लायकीची राहिली नव्हती. लिंकनमध्ये एक खोली तरी मिळते का म्हणून तिने दोन दिवस फोन केले. मासेमारीचा मोसम, खोल्या सगळ्या बोटींवरच्या पोरांनी भरलेल्या. मुलीला फोन केला. मुलगी रडली. मग ग्वेंडाच तिची समजूत घालत बसली.

तिसऱ्या दिवशी कुंपणापलीकडचा क्लॅरी नोआक आला. वय ऐंशीच्या पुढे, बायको जाऊन दहा वर्षं झालेली, अंगावर कायम तोच तपकिरी स्वेटर. तो टोपी न काढताच टेबलाशी बसला.

"ग्वेन, ते माझ्या नावावर टाक."

"काय?"

"गाडी मी चालवत होतो. शपथेवर तसं लिहून द्यायचं, की झालं. माझं लायसन धुतल्या तांदळासारखं आहे. मला आता गुणांचं काय लोणचं घालायचंय?"

 हा विचार ग्वेंडाच्या मनात आलाच नव्हता असं नाही. तो येऊन गेला होता, आणि येऊन गेला याचीच तिला लाज वाटली होती. आता तो टोपी घालून समोर बसला होता.

"क्लॅरी, फोटो असतो."

"मागून असतो. मागून तू आणि मी सारखेच. दोघांचीही मान खांद्यांत गेलेली."

तिने पेन घेतलं.  तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून लाइल बोलला.

"ठेव ते खाली."

"लाइल, तू मधे पडू नकोस."

"पकडलं तर दोघंही आत जाल. क्लॅरीला आत टाकून मी मशीनवर लोळू? अरे म्हाताऱ्या, तुला घराच्या फाटकातून ट्रॅक्टर नीट काढता येत नाही, आणि म्हणे त्या वेगाने लिंकन गाठलंस! पोलीस हसून मरतील."

"मग काय करायचं ते तू सांग!" ग्वेंडा ओरडली. चाळीस वर्षांत ती त्याच्यावर अशी ओरडली नव्हती. "सांग ना! तू चार सॉसेज खाल्लीस आणि मी काय करायचं ते सांग!"

 क्लॅरीने टोपी काढली.

लाइल म्हणाला, "मी मशीन बंद करतो. पुष्कळजण करतात. आठवडाभराचा प्रश्न असतो, झोप येत जाते म्हणतात. मग न्यायला-आणायला कोणी लागायचंच नाही."

दुसऱ्या दिवशी त्याची मशीनची पाळी होती. ग्वेंडाने गाडी दारात आणली, इंजिन चालू ठेवलं. लाइल व्हरांड्यात बसून राहिला. तिने भोंगा वाजवला. तो समोरच्या माळाकडे बघत होता, जणू गाडी शेजारच्यांची आहे. वेळ चालली होती. उशीर झाला की भरून काढायला वेग लागणार, आणि वेग तर आता विषच. ती उतरली, पायऱ्या चढली, त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"चल."

"मी काल सांगितलं ना."

"ऐक. तुला कंटाळा आला असेल, दुखत असेल, तुझं तुला नको झालं असेल, तर बंद कर. मी हात धरून बसेन, एक शब्द बोलणार नाही. पण माझं लायसन जातंय म्हणून मरू नकोस. ते ओझं माझ्याच्याने नाही उचलणार, लाइल. मी उरलेलं आयुष्य त्या ओट्याशी उभी राहून काढायचं का?"

 लाइल म्हणाला, "सॉसेज खरं म्हणजे सहा होती."

"मला माहीत आहे. क्लॅरीने सांगितलं."

तो उठला. तिने त्याला दंड धरून गाडीत बसवलं. त्या दिवशी ती दोघं उशिरा पोचली, आणि नर्सने तरीही मशीन लावलं.

तिथेच, वाट बघायच्या खोलीत, भिंतीवर फुकट कायदेशीर सल्ल्याचा नंबर होता. इतके महिने ती त्याच्यासमोर बसून लोकर विणत आली होती. त्या दिवशी तिने तो लावला. पलीकडे टेसा विंटर नावाची तरुण वकील होती, बोलण्यात तडफ, मधूनमधून सर्दीने सुरसुरणारी.

"दंड अजून भरला नाहीत ना? उत्तम. भरलात की गुण आपोआप चढतात. भरू नका. कळवा की माझ्यावर खटला चालवा."

"खटला? बाई, मला सुटायचंय, अडकायचं नाही."

"ऐका तर. गुन्हा कबूल करायचा. पण गुन्हा किरकोळ होता, किंवा गुण कमी करायला योग्य कारण आहे, असं शपथेवर पटवलं, तर दंडाधिकारी गुण कमी करू शकतात. तीनाचे दोन झाले तर काही उपयोग नाही. एक व्हायला हवा. एक झाला तर तुम्ही तरलात."

"आणि नाही पटलं तर?"

टेसा सुरसुरली. "तर सहा महिने. आणि वर खटल्याचा खर्च."

तारीख पडेपर्यंतचे आठवडे ग्वेंडाने कसे काढले ते तिलाही नीट सांगता येत नाही. ती जेवायची, पण काय जेवली ते आठवायचं नाही. मेंढपाळाचं कुत्रं आडवं आलं तरी ती इंजिन बंद करून थांबायची. क्लॅरी रोज कुंपणावरून विचारायचा, "काय गं, अजून बाहेरच ना?" आणि ती हसायचा प्रयत्न करायची.

तारीख नेमकी लाइलच्या मशीनच्या दिवशी आली. तिने त्याला हॉस्पिटलात सोडलं आणि एकटीच कोर्टात गेली. कँटीनमधून निवृत्त होताना घेतलेला निळा कोट घातला होता. तो आता खांद्यावर लोंबत होता. टेसाने बाहेर बाकावर तिला बजावलं, "थोडक्यात बोला. पस्तावा दाखवा. पुन्हा होणार नाही म्हणा."

दंडाधिकारी बाई साठीच्या, केस आखूड, चष्मा नाकाच्या टोकावर. टेसाने लिहून दिलेली सॉसेजपासूनची सगळी हकिगत त्यांच्यापुढे होती. पोलिसांच्या बाजूने उभा असलेला सार्जंट काही वाईट माणूस नव्हता. त्याने विचारायचं तेच विचारलं.

"मिसेस पेंगिली, नवऱ्याची तब्येत इतकी बिघडली होती तर अँब्युलन्स का नाही बोलावलीत?"

"बोलावली होती. आमच्या गावची जागेवरच उभी होती. चालवायला माणूस नव्हतं."

"का नव्हतं?"

ग्वेंडाने कठडा धरला. "सोमवारची पाळी माझी होती, साहेब. बावीस वर्षं. माझे बारा गुण झाले म्हणून मला काढलं. नियमच तसा आहे, माझी तक्रार नाही. पण माझ्या जागी कोणी आलं नाही."

सार्जंटने हातातल्या कागदांकडे पाहिलं आणि खाली बसला. दंडाधिकारी बाईंनी चष्मा वर सरकवला.

"असा प्रसंग पुन्हा आला तर काय कराल?"

टेसाने तिच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. एवढंच म्हणायचं होतं: पुन्हा होणार नाही. ग्वेंडाने तोंड उघडलं. शपथ तिने नुकतीच घेतली होती, आणि ती घेताना तिला क्लॅरीचं पेन आठवलं होतं.

"बाईसाहेब, तो पुन्हा तसा गप्प झाला, तर मी पुन्हा तसाच पाय दाबीन. नाही म्हटलं तर ते खोटं होईल."

टेसाने डोळे मिटले.

"या उत्तराने तुम्ही माझं काम अवघड केलंत, समजतंय ना?" दंडाधिकारी बाई म्हणाल्या. "त्याच उतारावर एखादं पोर रस्ता ओलांडत असतं तर?"

 हा प्रश्न ग्वेंडाने स्वतःला पुष्कळदा विचारला होता. "तर मी जगले नसते," ती म्हणाली. "त्या पोराची आईही नसती जगली. मला दुसरं काही सांगता येत नाही."

कोर्ट थोडा वेळ उठलं. ग्वेंडा तिथेच बसून राहिली. टेसाने आणून दिलेला चहा तिच्या हातात निवून गेला. मनातल्या मनात ती सहा महिन्यांच्या फेऱ्या कोणाकोणाच्या दारात भीक मागत पुऱ्या करायच्या ते जुळवत होती. मंगळवारी पोस्टातली मर्ल, गुरुवारी पाद्री. शनिवारला कोणीच नव्हतं. शनिवार काही केल्या भरत नव्हता.

दंडाधिकारी बाई परत आल्या. गुन्हा किरकोळ नाही, असं त्यांनी आधी सांगितलं, आणि ग्वेंडा पुन्हा शनिवारसाठी माणूस शोधायला लागली. पुढचे शब्द तिला पाण्याखालून ऐकू यावेत तसे आले: योग्य कारण आहे, साक्ष प्रामाणिक आहे, गुण तीनाऐवजी एक. दंड मात्र भरावा लागेल.

"आणि मिसेस पेंगिली, त्यांना सॉसेजपासून लांब ठेवा."

हॉस्पिटलात लाइल मशीनला जोडलेला, ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढलेलं. तिला दारात पाहून त्याने मान उचलली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. ती खुर्चीत बसली, त्याच्या मोकळ्या हातावर कपाळ टेकलं, आणि कोट, केस, सगळं हलेपर्यंत रडली. नर्सने पडदा ओढून घेतला.

"गेलं का गं?" लाइलने हळूच विचारलं.

तिने मान हलवली. नाही. आणि एक बोट वर केलं.

सद्वर्तनाचे जे आठवडे उरले होते, त्यात आता तिच्या हातात तोही एक गुण नव्हता. आणखी एक चूक, आणि संपलं. ते आठवडे आधीच्या दहा महिन्यांहून वाईट गेले. शेवटच्या आठवड्यात पावसात टायर फुटला आणि ती रस्त्याकडेला बसून देवाला शिव्या देत होती. मग ट्रकवाल्या पोरांनी थांबून चाक बदलून दिलं.

वर्ष संपलं. लाइल त्यानंतर दीड वर्ष जगला. गेला तो मशीनपायी नाही. एका शरदातल्या दुपारी, क्रिकेट ऐकता ऐकता, त्याचं काळीज थांबलं. त्या दिवशी अँब्युलन्स लगेच आली, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ग्वेंडा अजून लिंकनला जाते, महिन्यातून दोनदा, आता दुसऱ्या कोणाकोणाला घेऊन. वेगाचा काटा त्या वर्षभर जिथे असायचा तिथेच असतो. त्या रस्त्यावरचे ट्रकवाले आपसातल्या रेडिओवर एकमेकांना सांगतात, "पुढे पेंगिलीबाई आहेत रे, बिडी ओढून घ्या."